आईच्या जळवा

अप्पा बाहेरच्या खोलीत पाहुण्यांना सांगत होते, "शेवटपर्यंत मीच न्यायचो तिला. जळवा लावायच्या तेव्हा तिचा पाय माझ्या मांडीवर असायचा."

लेक चहाचा ट्रे घेऊन दारापर्यंत आली होती, ती तिथेच थबकली. तिने ट्रेची कड भिंतीला टेकवली.

"नशीब काढलं हो वहिनींनी," हेडसाहेब म्हणाले. हेडसाहेब म्हणजे अप्पांच्या जुन्या ऑफिसातले हेडक्लार्क. निवृत्त होऊन युग लोटलं तरी बिरुद सुटलं नव्हतं. "आमच्या हिचे गुडघे दुखतात, पण मी काही कधी चोळून दिले नाहीत."

"चोळून देणं राहिलं," त्यांच्या बायको म्हणाल्या. "निदान स्वतःचे मोजे तरी स्वतः शोधा एखाद दिवस."

सगळे जरासे हसले. अप्पाही हसले, मग आपण हसणं बरं दिसत नाही हे लक्षात येऊन त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. लेकीने चहा ठेवला, बिस्किटांची बशी पुढे केली आणि ती आत गेली.

आईला जाऊन महिनाही झाला नव्हता, पण तेवढ्यात या गोष्टीने चांगलं बाळसं धरलं होतं. सुरुवातीला भेटायला येणाऱ्यांना अप्पा सांगायचे, ती जळवा लावून घ्यायला जायची. पुढे 'मी पाठवायचो' झालं. मग 'न्यायचो'. आज पाय मांडीवर चढला होता. लेक एका प्रकाशनात मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांची वाक्यं नीट करण्यात तिची अर्धी हयात गेली होती. आणि इथे एक धडधडीत खोटं वाक्य रोज नव्याने छापलं जात होतं, आणि ती त्याच्यासोबत बिस्किटं देत होती.

खरं काय ते तिला ठाऊक होतं. आईला इसब होता. डाव्या घोट्याभोवती, आणि मानेवर, केसांच्या खाली. कधी भेगाळायचा, कधी चिघळायचा, आणि खाज अशी की आई झोपेतही पायावर पाय घासायची. हा रोग दुसऱ्याला लागत नाही, असं एकूण एक डॉक्टरांनी सांगितलं. अप्पांनी ते मान डोलावून ऐकलं आणि घरी येऊन आपला टॉवेल वेगळ्या खुंटीला लावला. मग साबण वेगळा झाला. पलंग वेगळा झाला. आईला बसायला एक लाकडी खुर्ची ठरली, कारण लाकूड पुसता येतं. कुठे जायचं निघालं की "तू कशाला उगाच दगदग करतेस" म्हणत अप्पा एकटेच बूट चढवायचे. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, कधी हात उगारला नाही. हातच लावला नाही.

मलमं झाली, गोळ्या झाल्या, हे खाऊ नका ते खाऊ नका झालं. शेवटी बसमध्ये शेजारी बसलेल्या कुणा बाईकडून आईला जळूबाईंचा पत्ता लागला. जळूबाई रीतसर शिकलेल्या डॉक्टर होत्या. हे नाव त्यांना रोग्यांनी दिलेलं आणि त्यांनी हसून घेतलेलं. "बरा करते असं म्हणणार नाही," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "शांत झाला तर झाला." त्या दिवशी लेक सोबत होती. पाय पुढे करायला आईने किती वेळ लावला! मोजा काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग जळूबाईंनी हातमोज्यातल्या बोटांनी एक काळपट हिरवी, ओली, बोटभर जळू घोट्यावर सोडली. ती जराशी वळवळली, तोंडाने इकडेतिकडे चाचपलं आणि चिकटली.

आई वाकून बघत राहिली. मग हसायला लागली.

"अगं, बघितलंस? हिला अजिबात किळस आली नाही. इतक्या वर्षांत ही पहिलीच."

लेकीलाही तेव्हा हसू आलं होतं. आता तेच वाक्य आठवलं की तिची कानशिलं तापायची.

जळू सुटल्यावरही त्या जागेतून बराच वेळ रक्त झिरपतं. आई पट्टी बांधून, बस बदलत एकटी घरी यायची आणि डाग नको म्हणून शिवणाच्या खोलीत जुन्या चादरीवर निजायची. कधीमधी लेक सोबत जायची, ऑफिसातून सुटता आलं तर. घोटा खरंच शांत झाला होता. मान पूर्वीसारखीच होती. "ही चिखलातली थेरं घरात आणू नकोस," याखेरीज अप्पा त्यावर काही बोलले नव्हते आणि दवाखान्याच्या दिशेला कधी फिरकले नव्हते. मग एका सकाळी आई उठलीच नाही. शिवणाच्याच खोलीत, झोपेतच तिचं हृदय थांबलं होतं.

हेडसाहेब आणि त्यांच्या बायको जिना उतरत होते, तोच फोन वाजला. जळूबाईंचा होता.

"तुमच्या आईंची बरणी आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "एकाच्या जळवा आम्ही दुसऱ्याला लावत नाही. माणूस गेलं की स्पिरिटमध्ये टाकून संपवतो. पण घरच्यांना विचारल्याशिवाय नाही. काय करू?"

लेकीच्या डोळ्यांसमोर दवाखान्यातली फळी आली: ओळीने बरण्या, प्रत्येकीच्या तोंडाला फडकं बांधलेलं, प्रत्येकीवर कुणाचं तरी नाव. जळू पिऊन सुटली की तिच्या तोंडाशी चिमूटभर हळद लावायची. मग ती प्यालेलं ओकते आणि आपल्या बरणीत परत जाते. पण सगळं ओकत नाही, असं जळूबाई एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या. थोडं मागे ठेवते आणि महिनोन् महिने पुरवते. म्हणजे आईचं सगळंच संपलं नव्हतं. तिचं थोडं रक्त अजून कुठेतरी एका जिवंत पोटात होतं.

"ठेवा," लेक म्हणाली. "मी उद्या येते. मला हव्यात त्या."

नेऊन काय करणार, हे तिला माहीत नव्हतं. आईचं एवढं तरी आपल्या हाती असावं, त्याचंही काय करायचं ते अप्पांनी ठरवू नये, इतकंच तिला कळत होतं.

"कुणाचा फोन?" अप्पांनी विचारलं. तिने सांगितलं. सांगायला नको होतं.

"हं," अप्पा म्हणाले आणि डावं कोपर खाजवत आत गेले.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात पोचली, तर फळीवर आईच्या बरणीची जागा रिकामी. लाकडावर गोल ओल तेवढी राहिली होती.

"नेली की तुमच्या वडिलांनी," मदतनीस मावशी म्हणाल्या. त्या एका बरणीतलं पाणी बदलत होत्या. "'तळ्यात सोडतो, बाईंनी हो म्हटलंय' म्हणाले. वडीलच ना ते? मला आधी कळेना, कोण हे. आईंबरोबर कधी बघितलं नव्हतं."

"कधीच नाही?"

"आम्हाला वाटायचं, त्यांना कुणी नाहीच. तुम्ही सोडून."

आवाज ऐकून जळूबाई आतून आल्या. "काय? मी कुठे हो म्हटलं?" त्यांनी रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि हातमोजे ओढून काढले. "मावशी, मला विचारायचं तरी!"

"मोठा माणूस खोटं बोलेल असं कसं वाटणार, बाई?"

"नेमकं काय झालं?" लेकीने विचारलं.

"सकाळी दार उघडलं तर समोर उभे," जळूबाई म्हणाल्या. " बाही वर करून मला कोपर दाखवलं. चट्टा आहे, खाजतो. म्हणाले, हे तिचंच, जाता जाता मला देऊन गेली. मी म्हटलं, इसब लागत नसतो, आणि हा इसबच आहे असंही नाही. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. तर म्हणाले, मग तिच्याच जळवा लावा मला. त्यांना आमच्या घरच्या रक्ताची सवय आहे."

"घरच्या रक्ताची."

"मला आधी थट्टाच वाटली. मग गोळ्या कुठल्या घेता विचारलं. रक्त पातळ करायची घेतात म्हणे. मी बजावलं, मग तर तुम्हाला कुणाचीच जळू लावायची नाही, कधीच नाही. रक्त थांबायचं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मी आत पेशंटकडे वळले."

"मान डोलावून ऐकलं असेल."

"हो," जळूबाई म्हणाल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

लेकीने पर्स उचलली. "ते तळ्यात वगैरे काही सोडणार नाहीत. घरी लावतील."

जळूबाईंचा चेहरा उतरला. "मग पळा. आणि चिकटल्या असतील तर ओढू नका, दात आत राहतात. तोंडाशी हळद लावा, नाहीतर मीठ. आणि पुढे मला विचारत बसू नका, सरळ हॉस्पिटलात न्या."

टॅक्सीत तिला घाई होती, काळजी नव्हती, आणि हे तिचं तिला स्वच्छ कळत होतं. घरचं रक्त! नवरा-बायकोचं रक्त कधीपासून एक व्हायला लागलं? आईचं रक्त अंगात असलेलं एकच माणूस होतं आणि ते या टॅक्सीत सिग्नल सुटायची वाट बघत बसलं होतं. जिचा टॉवेल आपल्या टॉवेलला घासू दिला नाही, तिचं रक्त प्यालेल्या जळवा मात्र आता चालणार होत्या. का, तर आता खाज अप्पांची होती.

ती दार उघडून आत शिरली तेव्हा अप्पा स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. डावी बाही दंडापर्यंत गुंडाळलेली. समोर बरणी, फडकं सोडलेलं, पाणी सगळीकडे सांडलेलं. बाजूला आईच्या शिवणाच्या डब्यातली सुई. कोपराला दोन जळवा लोंबत होत्या, तट्ट फुगलेल्या. तिसरी फरशीवर पडली होती. ती अप्पांनी उपटून फेकली होती. तिच्या जागेतून रक्ताची बारीक धार मनगटापर्यंत येऊन टेबलावर उतरत होती.

"आलीस? बरं झालं," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज पातळ झाला होता. "आधी चिकटतच नव्हत्या लेकाच्या. सुईने जरा टोचून घेतलं तेव्हा लागल्या. आता सुटत नाहीत."

ती बघत राहिली.

"काढ ना. उभी काय राहिलीस?"

ती उभीच राहिली. आईचं जे थोडं उरलं होतं, त्यावर अप्पांनी स्वतःला ओतलं होतं. आता त्या फुगलेल्या पोटांत आई कुठे आणि अप्पा कुठे, हे कुणाच्या बापाला सांगता येणार नव्हतं. आयुष्यभर दोन साबण, दोन पलंग, दोन खुंट्या सांभाळणाऱ्या माणसाने एका सकाळी, एका खाजेपायी, सगळं एक करून टाकलं होतं.

"अगं, ऐकतेस का?"

"त्या माझ्या होत्या," लेक म्हणाली.

"काय?"

"काही नाही. हात टेबलावर ठेवा. हलू नका."

हळदीचा डबा तिच्या हाताला लगेच सापडला. तिने एकेकीच्या तोंडाशी चिमूट लावली. जळवा आखडल्या, सुटल्या आणि टेबलावर गडद रक्त ओकायला लागल्या. ते कुणाचं, याचा विचार न करता तिने त्यांना बरणीत टाकलं, फरशीवरची अर्धमेली तिसरीही टाकली आणि फडकं बांधलं. अप्पांच्या कोपराला आता तीन तोंडं फुटली होती आणि तिन्ही वाहत होती. तिने न्हाणीघरात जाऊन अप्पांच्या खुंटीवरचा अप्पांचा टॉवेल आणला आणि गच्च दाबला.

"चला. हॉस्पिटल."

"तिथे काय सांगायचं?"

"इथे येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगता, तेच."

तातडीच्या विभागात खाटेवर निजवून सिस्टरने कोपरावर जाड घडी दाबून धरली. ड्यूटीवरची डॉक्टर तरुण होती, पण गडबडीतही नीट ऐकणारी.

"जळवा? कुठल्या दवाखान्यात लावल्या?"

"घरीच," अप्पा म्हणाले. "माझ्या मिसेसच्या होत्या."

"म्हणजे त्यांना लावलेल्या जळवा तुम्ही लावून घेतल्या?"

"नुसत्या पडून होत्या हो. म्हटलं, कामी येतील."

सिस्टर खोकली. डॉक्टर हसली नाही. "म्हणजे त्यांच्या रक्तातलं काही तुमच्या रक्तात गेलेलं असू शकतं. मला त्यांची माहिती लागेल. त्या वारल्यात? सॉरी. त्यांच्यासोबत दवाखान्यात कोण जायचं?"

"शेवटपर्यंत मीच न्यायचो," अप्पा म्हणाले. सवयीने.

"मग बरंच झालं. शेवटची जळू कधी लावली होती?"

"अलीकडेच."

"अलीकडे म्हणजे?"

"म्हणजे... ती जायच्या आधी."

सिस्टरने मान वर करून अप्पांकडे पाहिलं.

"त्यांना कावीळ झाली होती कधी?" डॉक्टरने विचारलं. "कधी रक्त चढवलं होतं? चालू गोळ्या कुठल्या होत्या?"

अप्पांनी लेकीकडे पाहिलं. "ही सांगेल. या बायकांच्या गोष्टी बायकांनाच..."

लेक खाटेच्या पायथ्याशी उभी होती. "तुम्हीच न्यायचात ना, अप्पा? पाय तुमच्या मांडीवर असायचा. सांगा त्यांना."

"अगं, ही काय वेळ आहे का?"

"डॉक्टर थांबल्यात."

"हे बघा," डॉक्टर अप्पांना म्हणाली, "यात अंदाज चालत नाही. पक्कं माहीत असेल तेवढंच सांगा."

अप्पांनी ओठ ओले केले. छताकडे पाहिलं, सिस्टरच्या हाताकडे पाहिलं. लेकीने पर्सचा पट्टा मुठीत धरला होता आणि ती एकही शब्द पुढे करणार नव्हती.

"मला माहीत नाही," अप्पा शेवटी म्हणाले. "मी जात नव्हतो."

तिला वाटलं होतं, हे ऐकल्यावर आतलं काहीतरी सैल पडेल. पडलं नाही. राग होता तिथेच होता. फक्त इतके दिवस तो ताटकळत उभा होता, आता त्याला बसायला जागा मिळाली होती.

मग तिने सांगायला सुरुवात केली. आवाज न चढवता, पण पलीकडच्या पडद्यामागच्या माणसालाही ऐकू जाईल असं.

"कावीळ कधी झाली नाही. शेवटची जळू लावली ती जायच्या आदल्या आठवड्यात, डाव्या घोट्याला. रात्रीची एक गोळी होती खाजेची. बीपीची सकाळी. आणि रक्त चढवलं होतं, मी लहान होते तेव्हा. मूल पडलं होतं तिचं."

"रक्त चढवलं होतं?" अप्पांनी विचारलं.

"शेजारच्या काकू बसल्या होत्या रात्रभर तिच्याजवळ. तुम्ही ऑफिसच्या कामाने बाहेरगावी होतात. आल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, गादी का उन्हात टाकलीय."

डॉक्टरने हे लिहून घेतलं नाही, पण तिला थांबवलंही नाही.

"मानेला मलम लावायला तिचा हात पोचायचा नाही," लेक म्हणाली. "म्हणून लाकडी चमच्याच्या दांड्याला कापूस बांधून लावायची. आरशात बघत. मी दिवसभर ऑफिसात, मला हे ती गेल्यावर कळलं, चमचा सापडला तेव्हा. घरात दुसरं माणूस होतं, डॉक्टर. पलीकडच्याच खोलीत पेपर वाचत बसलेलं असायचं."

अप्पांना कूस बदलायची होती. बदलता येईना. सिस्टरने हात धरून ठेवला होता, आणि गरजेपेक्षा जरा जास्तच घट्ट.

डॉक्टर तपासण्यांचं सांगायला बाहेर गेली. अप्पांनी डोळे मिटून घेतले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "परक्या माणसांसमोर एवढं बोलायची काय गरज होती?"

"घरच्यांसमोर बोलून काय उपयोग होता, ते सांगा."

पडद्यापलीकडे कुणीतरी चाकांची खाट ढकलत नेली.

"उद्या वरच्या मजल्यावरची माणसं येणार आहेत भेटायला," अप्पा म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते. "त्यांच्यासमोर तरी..."

"येऊ देत," लेक म्हणाली. "त्यांना मी सांगणार आहे. तुम्ही शेजारी बसायचं, आणि माझं काही चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचं."

अप्पांनी मान डोलावली. सिस्टरने भिजलेली घडी काढून नवी लावली, आणि तीही बघता बघता लाल व्हायला लागली.